गाळातली खुंटी

माणिकबाईचा त्या माणसावरचा संशय त्याच्या टोपीपासून सुरू झाला. शेवाळी रंगाची कापडी टोपी. अशी टोपी तिनं आयुष्यात एकदाच पाहिली होती, बाळापूरच्या बाजाराला जाताना, रस्त्यासाठी शेतं मोजणाऱ्या माणसाच्या डोक्यावर. ती शेतं पुढं रस्त्यात गेली. तेव्हापासून ती टोपी ती विसरली नव्हती.

टोपीच्या खाली गळ्यात दुर्बीण होती, ती तिला मुळीच आवडली नाही. आणि दुर्बिणीपेक्षाही वाईट म्हणजे तो माणूस कामधंदा नसताना सकाळी सकाळी तलावाच्या चिखलात उभा राहायचा, आणि त्याला कंटाळा यायचा नाही. पगार मिळाल्याशिवाय कुणी एवढा वेळ चिखलात उभं राहत नाही, असं तिचं पक्कं मत होतं. पगार म्हणजे सरकार, आणि सरकार म्हणजे काहीतरी जाणार.

"पाखरं पाहाले आला म्हनते तो," सहदेव म्हणाला. सहदेव तिचा नवरा. जग जे सांगेल ते ऐकून घ्यायचं आणि तंबाखू मळायची, असा त्याचा स्वभाव. "अमरावतीच्या कॉलेजात शिकवते. श्रीखंडे नाव हाये. शाळेच्या खोलीत उतरला."

"अमरावतीले पाखरं नाईत काय?"

"असतीन ना."

"मंग इथं काहून आला?"

सहदेवनं तंबाखू तोंडात टाकली आणि विषय मिटवला. माणिकबाईच्या दृष्टीनं विषय तिथंच सुरू झाला होता.

धामणखेडचा तलाव तसा उथळ. पावसाळ्यात बाभळींपर्यंत फुगायचा आणि दिवाळी झाली की रोज थोडा थोडा मागं सरायचा. मागं सरताना काळाभोर मऊ गाळ उघडा टाकत जायचा. त्या गाळात नांगर नको, पाणी नको. बोटानं भोक पाडून हरभरा टोबला की तो आपल्या मनानं वर यायचा, आणि उन्हाळ्यात त्याच जागी टरबुजं धरायची. तलाव सरकारचा, पण गाळ गावाचा, असा जुना रिवाज होता. उघड्या पडलेल्या ओलीत ज्यानं पहिली खुंटी ठोकली आणि तिला आपल्या घरची चिंधी बांधली, त्या हंगामापुरता तो तुकडा त्याचा. कागद नाही, सही नाही. कोणती चिंधी कुणाच्या लुगड्याची, हे बायका काठावरून ओळखायच्या. आणि एकाची खुंटी दुसऱ्यानं उपटायची नाही, भाऊबंदकीत डोकी फुटली तरी नाही.

हा रिवाज सगळ्या गावाचा आहे, असं सगळं गाव म्हणायचं. माणिकबाईची वस्ती त्या 'सगळ्या'त नव्हती. वस्तीनं दुसऱ्यांच्या खुंट्यांमधला हरभरा राखायचा, उपटायचा, आणि पदरात पडेल तेवढा घरी न्यायचा. मग वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर, कधी कुणाला उलट न बोलणाऱ्या सहदेवनं गाळात उतरून खुंटी ठोकली, आणि माणिकबाईनं तिला आपल्या निळ्या लुगड्याची चिंधी बांधली. गाव काठावर जमलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी थुंकलं. उत्तमराव पाटील नुसता बघत उभा राहिला. पण खुंटी उपटायला कुणी खाली उतरलं नाही, कारण खुंटी उपटायची नाही हाही रिवाजच होता आणि तो मोडला तर उद्या आपलीही उपटली जाईल, हे प्रत्येकाला कळत होतं. तेव्हापासून दर हंगामाला तिथंच खुंटी ठोकून काठावरच्या वडाच्या अंगाचा तो तुकडा त्यांचा. दुसरी जमीन त्यांना नव्हती. तो गाळ गेला तर माणिकबाईला पुन्हा लोकांच्या शेतावर राखणीला जावं लागणार होतं. एवढंच होतं ते, आणि तिच्यासाठी तेवढंच सगळं होतं.

एके दिवशी ती हरभरा टोबत असताना श्रीखंडे तिच्या बांधाशी आला. त्यानं हात जोडले. हात जोडणारा साहेब तिनं पाहिला नव्हता, म्हणून ती जास्तच सावध झाली.

"बाई, हे करकोचे कुठून येतात ठाऊक आहे का?" त्यानं पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या करड्या पाखरांकडं बोट दाखवलं. लांब पायांची, काळ्या गळ्याची पाखरं चिखलात चोची घालत होती.

"हरभऱ्यावर येतेत," माणिकबाई म्हणाली.

तो हसला. "हिमालयाच्या पलीकडून येतात."

"एवढ्या दुरून येऊन माहाच हरभरा सापडते त्यायले."

तो पुन्हा हसला. माणिकबाई हसली नाही. श्रीखंडे मोठ्या उमाळ्यानं बोलू लागला. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता, आणि चेहरा उजळलेला माणूस काही ना काही मागायला येतो हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. तो म्हणाला, "लोक चिखलदऱ्याला हवा खायला जातात ना, तशी इथं पाखरं बघायला येतील. मुंबईहून येतील, परदेशातून येतील. आपलं महाराष्ट्र राज्य आत्ताच झालंय, सरकार अशा जागा शोधतंय. एक छोटंसं विश्रामगृह बांधलं की झालं."

"कुठी?"

"इथंच कुठंतरी. काठावर."

"आनि आमी?"

"तुम्हाला कामं मिळतील की. स्वयंपाक आहे, पाहुण्यांना वाट दाखवणं आहे, राखण आहे."

राखण हा शब्द त्यानं सहज उच्चारला. माणिकबाईच्या हातातले दाणे मुठीत आवळले गेले. मघापासून ती ज्याची वाट पाहत होती ते त्याच्या तोंडून आपणहून बाहेर पडलं होतं. पुढं तो म्हणाला की पाणी मात्र दरवर्षी असंच उतरलं पाहिजे, हा उघडा गाळ आहे म्हणूनच ही पाखरं आहेत. त्यातलं तिनं एवढंच ऐकलं की ह्याचा डोळा गाळावर आहे.

आणि दोन-चार दिवसांत त्यानं खुंट्या ठोकल्या.

सकाळी ती गाळात उतरली तर पाण्याच्या कडेकडेनं बोरूच्या काड्या एका ओळीत उभ्या होत्या आणि प्रत्येकीला पांढरी चिंधी बांधलेली होती. तिच्या तुकड्यासमोर होत्या, वस्तीतल्या इतरांच्या समोर होत्या, पार तलावाचं पाणी अडवणाऱ्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. म्हणजे पाणी इथून पुढं जेवढं सरकेल तो सगळा गाळ त्याचा. पांढरी चिंधी गावात कुणाच्याच घरची नव्हती. जी कुणाचीच नाही ती सरकारची.

"पानी कुठवर सरलं हे पाहाले लावल्या असतीन त्यानं," सहदेव म्हणाला. "जाऊन इचार ना त्याले."

"इचारलं का तो सांगीन. आनि सांगितलं का खरं धरा लागते."

माणिकबाईनं त्या काड्या उपटल्या नाहीत. हात शिवशिवत होते, पण खुंटी उपटायची नाही या एकाच गोष्टीवर तिची स्वतःची खुंटी उभी होती. ती मोडायची कशी?

त्याच संध्याकाळी उत्तमराव पाटील वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. पाटलाची शेतं तलावाच्या भिंतीच्या खाली होती. गेल्या साली तो शेंदूरजनाघाटला सासुरवाडीला जाऊन आला, तिथल्या संत्र्यांच्या बागा पाहून आला, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात संत्रा शिरला होता. उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं, एवढंच तो जो भेटेल त्याला विचारायचा. मोठ्या माणसांची हौस म्हणून माणिकबाईनं तिकडं कधी लक्ष दिलं नव्हतं.

"माणिकबाई," पाटील म्हणाला.

तिनं मागं वळून पाहिलं, दुसरी कुणी माणिकबाई आली की काय म्हणून. पाटील आजवर तिला 'ए सहद्याची' म्हणत आला होता. तिचं नाव त्याला ठाऊक आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

"त्या मास्तरच्या खुंट्या पायल्या काय तुमी?"

"पायल्या ना."

"सोमवारी नागपूरचे बडे साहेब येऊन रायले. पाखरं पाहाले. साहेबाले पाखरं दिसली का झालं, तलाव पाहुन्यायचा. मंग तुमचंही गेलं, अन् गावाचंही गेलं." पाटलानं सुस्कारा सोडला. "आता पाखरंच दिसली नाई, तं गोठ अलग. पन ते काही माह्या हातात नाई बुवा."

एवढं बोलून तो गेला. जाताना "येतो माणिकबाई" असंही म्हणाला.

"याले आपली कीव कवापासून आली?" तिनं सहदेवला विचारलं. विचारलं खरं. संशयाचं टोक क्षणभर पाटलाकडंही वळलं होतं. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारली, तीही वस्तीपर्यंत येऊन, हे कानात गोड वाजत होतं, आणि त्या आवाजात ते टोक बोथट झालं. तिला स्वतःचा अभिमान वाटला. तो वाटला याची लाज तिला नंतर वाटायची होती.

श्रीखंडे साहेबाला आणायला अमरावतीला गेला. तो फाट्यावर एस. टी. त चढला हे पाहून आलेल्या बाईनं सांगितलं, आणि माणिकबाईनं वस्तीतल्या बायकांना गोळा केलं. रॉकेलचे रिकामे डबे काढले, गोफणी काढल्या. ज्वारीची आणि हरभऱ्याची राखण करण्यात या बायकांचा जन्म गेला होता. पाखरू कुठून उठवलं की कुठं जातं, कोणत्या आवाजाला दचकतं आणि कोणत्याला सरावतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

निघताना सहदेव दारात आडवा आला. असा तो कधी येत नसे.

"हे बरं नाई," तो म्हणाला. "पिकावरून हाकलनं अलग. पान्यावर बसलेल्या पाखराले दगड मारत नसते. माहा बाप सांगे, आपल्याले पान्यावरून हाकललं तवा कसं वाटे ते आठवा."

माणिकबाई थांबली. हे तिलाही लहानपणापासून ठाऊक होतं. पिकातलं पाखरू चोर, पाण्यावरचं पाखरू पाहुणं. गावच्या विहिरीवरून तिच्या आईला हाकललेलं तिनं स्वतः पाहिलं होतं.

"तुकडा गेल्यावर बापाचं सांगनं खाशान काय तुमी?" ती म्हणाली आणि त्याच्या बाजूनं निघून गेली.

काठावर पोचल्यावर तिनं पहिला दगड स्वतः भिरकावला. डबे वाजू लागले. आधी टिटव्या ओरडत उठल्या, मग बदकांचे थवे पाणी फाडत वर गेले. करकोचे शेवटी उठले. ते जड पंखांनी वर चढले, तलावावर फेऱ्या घालत राहिले, खाली यायला बघत राहिले. खाली आले की डबे वाजायचे. त्यांचं ते घशातलं ओरडणं दुपारपर्यंत गावावर फिरत होतं. मधेच एक करकोचा चिखलात उतरला, दोन पावलं चालला आणि तिच्याकडं पाहत उभा राहिला. तिनं गोफण फिरवली. तोही गेला. हात दुखत होते, आणि मनात काहीतरी मोडत होतं, पण ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी बायका पुन्हा जाऊन आल्या. सोमवारी पाण्यावर एक पीस तेवढं तरंगत होतं.

साहेबाची जीप दुपारी आली. साहेब उतरला, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. श्रीखंडे त्याच्या शेजारी उभा होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"कुठं आहेत हो तुमचे करकोचे?" साहेबानं विचारलं.

"होते साहेब. मी निघालो त्या दिवसापर्यंत शेकड्यांनी होते."

"पाखरांचं काय साहेब," उत्तमराव चहाची बशी पुढं करत म्हणाला, "आज इथं, उद्या तिथं. हे पानी पाखरायच्या कामाचं नाई. थंडीतच आटून जाते."

साहेबानं चहा घेतला. बशी परत देताना तो जे बोलला ते वडाखाली उभ्या असलेल्या माणिकबाईनं स्पष्ट ऐकलं.

"मग पाटील, तुमच्या मागणीला हरकत घेण्यासारखं काही दिसत नाही. भिंत उंच करू. पाणी बारा महिने राहील, खाली कालवा निघेल. श्रीखंड्यांनी अडवून धरलं होतं म्हणून एकदा डोळ्यांनी बघायला आलो."

भिंत उंच. पाणी बारा महिने. शब्द साधे होते, पण ते माणिकबाईच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. वडाकडं पाटलानं पाहिलंसुद्धा नाही.

जीप निघून गेली, पाटील तिच्यातच बसून गेला. श्रीखंडे मागं राहिला. बूट न काढता तो गाळात उतरला आणि आपल्या पांढऱ्या चिंध्यांच्या काड्या एकेक करून उपटू लागला. उपटता उपटता तो तिच्या तुकड्याशी आला. जागोजाग पडलेले गोफणीचे दगड त्यानं पाहिले होते.

"तुम्ही उठवलीत पाखरं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"तुमी खुंट्या काहून ठोकल्या?"

"पाणी रोज किती सरतं, पाखरं त्याच्या मागं कशी सरतात, ते बघायला." त्यानं तिच्या निळ्या चिंधीकडं पाहिलं, मग इतरांच्या रंगीत चिंध्यांकडं, मग आपल्या हातातल्या काड्यांकडं. त्याला आत्ता कुठं काहीतरी कळत होतं. "तुम्हाला वाटलं मी जागा धरली?"

माणिकबाईनं आपल्या खुंटीवर हात ठेवला.

"बाई, भिंत वाढली की गाळ उघडा पडणार नाही. पाखरांचाही जाईल, तुमचाही जाईल. ती वाढू नये म्हणूनच मी धडपडत होतो."

"मंग हे तवाच काहून नाई सांगितलं? हिमालय सांगितला, चिखलदरा सांगितला. भिंत नाई सांगितली."

श्रीखंडेनं मान खाली घातली. "पाटील म्हणाले होते, सगळ्या गावालाच भिंत पाहिजे. मला वाटलं, तुम्हाला सांगितलं तर तुम्हीच मला हाकलाल."

दोघंही त्या गाळात उभे राहिले. एकमेकांवर घेतलेला संशय आता दोघांच्याही हातात होता. शेवटी श्रीखंडेनं हात जोडले आणि तो गेला. पुन्हा धामणखेडला तो आला नाही.

उन्हाळ्यात भिंतीचं काम निघालं. टोपल्या वाहायला वस्तीतलीच माणसं गेली, सहदेवही गेला. घरात दाणे नव्हते. माणिकबाई त्याला भाकरी बांधून द्यायची, पण त्या कामावर ती स्वतः एक दिवसही गेली नाही.

पुढची दिवाळी झाली. तिनं नवी खुंटी तासली, निळ्या लुगड्याच्या उरल्यासुरल्या धडप्यातून चिंधी फाडली आणि तलावावर गेली. पाणी बाभळींच्या बुंध्याशी होतं. दुसऱ्या दिवशी गेली, तिथंच होतं. थंडी पडली, इतर बायकांनी जाणं सोडलं, ती जातच राहिली. एकदा सहदेवही सोबत येऊन वडाखाली बसला.

त्या सकाळी करकोचे आले. लांबून त्यांचं ओरडणं ऐकू आलं तशी ती वर बघू लागली. थवा तलावावर आला, फिरत फिरत खाली उतरला, पाय खाली सोडले, आणि खाली सगळीकडं पाणीच पाहून पुन्हा वर उचलला गेला. पुन्हा फेरी घातली. वडाच्या अंगाला, तिच्या तुकड्यावर, ते पुष्कळ वेळ घिरट्या घालत राहिले. एवढ्या दुरून येऊन ते तिचाच गाळ शोधत होते. तिच्या हातात खुंटी होती, आणि तिलाही तोच शोधायचा होता.

"उतरा ना व माय," ती पुटपुटली. "खा हरभरा. खा." हरभरा नव्हताच. ती रडत होती आणि ते तिनं लपवलं नाही.

थवा वळला आणि पूर्णा नदीच्या दिशेनं निघून गेला.

तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला. उत्तमराव पाटील तिथं उभा होता. त्याच्या पाठीमागं, खालच्या अंगाला, कालव्याच्या पाण्यावर संत्र्याची कोवळी रोपं ओळीनं उभी होती.

"ए सहद्याची," त्यानं हाक दिली. "बगिच्याच्या राखनीले येशीन काय? बकऱ्या लय तरास देऊन रायल्या."

सहदेव वडाखालून उठला. माणिकबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि वर पाहिलं.

"माहं नाव तुमाले मांगच्या साली ठाऊक होतं, पाटील," ती म्हणाली.

पाटील बगिच्याकडं वळला. माणिकबाई गुडघाभर पाण्यात शिरली, आपला तुकडा होता तिथं तिनं खुंटी रोवली आणि दोन्ही हातांनी दाबत खाली नेली. निळी चिंधी थोडा वेळ पाण्यावर दिसत राहिली.